अठरा मिलिमीटर

ताईला स्टेजवर अनवाणी चालायचं होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारा पावलं, हजारभर माणसांसमोर. तिने हे सांगितलं तेव्हा मी दुकानात एका बुटाची टाच यंत्रावर घासत होतो. यंत्र बंद करायचं भानच राहिलं नाही, आणि एक चांगली टाच फुकट गेली.

"यंदाही त्यांनी मला वार्षिक कार्यक्रमाला बोलावलंय," ती म्हणाली. "दोन वर्षं मी नाही नाही म्हणत होते. पण लोकांना दिसायला हवं ना. बूट काढून, अनवाणी चालत गुरुजींपर्यंत जायचं. सगळे बरे झालेले तसेच जातात."

"पाय गार पडतील तुझे," मी म्हणालो.

मी बूट बनवतो. ज्यांचे पाय दुकानातल्या तयार बुटांत मावत नाहीत त्यांचे. वाकडे, सपाट, सुजलेले, अपघातात मोडून कसेबसे जुळलेले, सगळे पाय माझ्याकडे येतात. वडील हेच करायचे. त्यांच्या नशिबाने म्हणा किंवा माझ्या, आमच्याच घरात असा एक पाय जन्माला आला. माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या ताईचा डावा पाय उजव्यापेक्षा अठरा मिलिमीटर आखूड. ती उभी राहिली की पायाखाली पातळ लाकडी पट्ट्या सरकवत जायचं आणि कंबर सपाट आली की पट्ट्या मोजायच्या. लहानपणी वडील मोजायचे, नंतर मी मोजायला लागलो. आकडा कधी बदलला नाही.

वडिलांनी केलेल्या तिच्या बुटाला जाड, उंच तळवा असायचा. शाळेत तिला 'टकटक' म्हणत. लग्न ठरता ठरता दोनदा मोडलं, ते त्या टकटकीमुळेच, असं आई मरेपर्यंत म्हणत होती. ताईने कधी तक्रार केली नाही. फक्त दुकानांच्या काचेसमोरून जाताना ती मान वळवून घ्यायची, हे मी किती वर्षं बघत आलो.

आणि मग गुरुजी आले.

त्यांना सगळे 'हातवाले गुरुजी' म्हणत. दुखऱ्या जागी हात ठेवायचे, डोळे मिटायचे, एवढंच. वर्तमानपत्रांत त्यांच्याविरुद्ध रकानेच्या रकाने यायचे. एका माणसाने त्यांच्या नादाने औषधं सोडली आणि तो गेला, अशी तक्रार झाली होती. चौकशी झाली, 'औषध सोडा असं मी कुणालाही सांगत नाही' असं त्यांनी सांगितलं, साक्षीदारही तसंच म्हणाले, आणि ते सुटले. अर्ध्या गावाच्या लेखी ते देवमाणूस होते आणि उरलेल्या अर्ध्या गावाच्या लेखी भामटे. मी दुसऱ्या अर्ध्यातला, आणि तोंडाचा फाटका. गिऱ्हाईक बूट घालून बघत असताना मी गुरुजींची यथेच्छ खरडपट्टी काढायचो.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी ताई कुणाच्या तरी उसन्या चपला घालून दुकानाच्या दारात उभी राहिली. उंच तळव्याचा बूट तिने गुरुजींच्या केंद्रातच टाकला होता. "बघ," ती म्हणाली आणि आत चार पावलं चालली. ती जवळजवळ सरळ चालली. आनंदात माणूस टाच उचलून चालतो, त्यात अठरा मिलिमीटर सहज लपतात. हे मला दिसलं, कारण माझा धंदाच तो आहे. तिला दिसलं नाही.

"आता मला सगळ्यांसारखे बूट कर," ती म्हणाली. "दोन्ही सारखे."

तिचा तसा चेहरा मी पन्नास वर्षांत पाहिला नव्हता. एरवी माझ्या जिभेला हाड नसतं, पण त्या दिवशी मी मूग गिळून बसलो. तिला उभं करून मोजल्यासारखं केलं. अठरा. "बरं," म्हणालो.

सांगायला लाज वाटते, पण तो जोड माझ्या हातचं सगळ्यात उत्तम काम आहे. डाव्या बुटात अस्तराखाली दहा मिलिमीटर कॉर्क, टाचेपासून बोटांकडे उतरत नेलेला. डाव्या तळव्यात चार मिलिमीटर जास्त, उजव्यातून चार काढून टाकलेले. बाहेरून बघाल तर जुळी भावंडं. ताई आमच्याकडेच राहते; तिच्या घरातल्या सपाताही तशाच केल्या. तिची कंबर बिघडू नये आणि आनंद चार दिवस टिकावा, एवढाच हिशेब होता. पुढच्या आठवड्यात सांगायचं ठरवलं होतं. असे दीडशे आठवडे गेले.

हे फक्त माझ्या बायकोला माहीत होतं. "शिव्या त्यांना घालता आणि नोकरी त्यांचीच करता," ती एकदा म्हणाली. मी जेवणावरून उठून गेलो. खरं बोललेलं मला झोंबतं.

ताई काचेसमोर थांबायला लागली. केसांना क्लिप लावायला लागली. ग्रंथालयात ती पुस्तकं देण्या-घेण्याचं काम करायची, तिथे शिडीवर चढायला लागली. एकच गोष्ट ती सांभाळून घ्यायची. सकाळी पलंगापासून न्हाणीघरापर्यंत सहा पावलं ती अनवाणी जायची. ती सहा पावलं झुकत जायची. "सकाळी अंग आखडलेलं असतं," ती म्हणायची. मी मान डोलवायचो.

आणि आता ती बारा पावलं अनवाणी चालणार होती.

कार्यक्रमाला आठ दिवस उरले तेव्हा एका संध्याकाळी तिने मला घरातल्या लांब बोळात बोलावलं. सपाता काढून भिंतीशी नीट ठेवल्या. "मी चालते, तू बघ. तू पायातला जाणकार. खरं खरं सांग."

ती चालली. डाव्या पायावर खांदा खाली, उजव्यावर वर. मी लहानपणापासून पाहिलेली ताई.

"कसं वाटलं?"

"ठीक आहे," मी म्हणालो.

ती भिंतीला टेकली. "ठीक नाही. मला कळतंय. बूट घातला की सरळ, काढला की झुकते. गेले पंधरा दिवस सराव करतेय." मग आवाज खाली आणून म्हणाली, "माझीच श्रद्धा कुठेतरी कमी पडतेय. त्यांनी दिलं ते मला धरून ठेवता येत नाही. माझ्या मनात मधेच येतं, की खरंच झालं का काही? आणि तसं मनात आलं की पाय झुकतो."

त्याच वेळी सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणालो, "एवढा विचार करू नकोस, झोप नीट घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा पहिला, झिजलेला जोड पिशवीत घालून मी गुरुजींकडे गेलो. मला एवढंच हवं होतं की तिला बूट घालून चालू द्यावं. ज्या माणसाला मी तीन वर्षं भामटा म्हणत होतो, त्याच्याकडे मी माझी थाप वाचवायला चाललो होतो. हे कळत होतं, तरी पाय चालत होते.

केंद्राच्या सभागृहामागची त्यांची खोली म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि खिडकी. खिडकीची काच ते स्वतःच कागदाने पुसत होते. सत्तरीचा, बारीक, कोपरावर विरलेला स्वेटर घातलेला माणूस. मी सिंहासन बघायच्या तयारीने गेलो होतो.

"तुम्ही ताईंचे भाऊ," ते म्हणाले. "बूटवाले. कधीतरी भांडायला याल असं वाटलं होतं."

"भांडायला नाही आलो. एक काम आहे. ताईला स्टेजवर बूट घालून चालू द्या."

"का?"

मी बरंच काही ठरवून गेलो होतो. तिच्या पायाला जखम आहे, फरशी गार आहे, असलं काहीतरी. पण ते इतक्या साधेपणाने "का?" म्हणाले, की मी डावा बूट टेबलावर ठेवला, खिशातली रापी काढली आणि अस्तर चिरलं. कॉर्क बाहेर आला. त्यांनी तो उचलून खिडकीजवळ नेला, कडेने बघितला.

"हे किती आहे?"

"दहा मिलिमीटर. चार बाहेरच्या तळव्यात. चार दुसऱ्या बुटातून कमी केलेत."

"अठरा," ते म्हणाले. मग खुर्चीत बसले. "म्हणजे त्या दिवशी काही झालं नव्हतं."

"तिला आनंद झाला होता," मी म्हणालो. माझ्या तोंडून हे कसं निघालं कोण जाणे. तीन वर्षं साठवलेले टोमणे पोटात होते आणि मी त्या माणसाची समजूत घालत होतो.

ते कॉर्क हातात फिरवत राहिले. "मी पूर्वी जमीन मोजणीच्या कचेरीत होतो," ते म्हणाले. "बावीस वर्षं साखळी ओढली. जे मोजता येतं ते खरं, ही सवय अंगात मुरलेली. इथे लोक येतात, सांगतात डोकं थांबलं, झोप लागली, मन हलकं झालं. मी ते मानलंही आणि मानलं नाहीही. रोज हात ठेवताना वाटायचं, आज तरी कळेल. मग तो माणूस गेला, औषध सोडलेला. मी त्याला सोड म्हणालो नव्हतो. पण तो माझ्यासमोर म्हणाला होता, 'आता औषधाची काय गरज?' आणि मी हसलो होतो. हसण्याची कुणी चौकशी केली नाही."

त्यांनी टेबलाचा खण उघडून एक बंद पाकीट माझ्यासमोर ठेवलं. "केंद्र बंद करतोय, असं लिहून ठेवलं होतं. त्याच आठवड्यात तुमच्या ताई सरळ चालत आत आल्या. मी त्यांना तीनदा चालायला लावलं. खाली वाकून बघितलं. मला वाटलं, बावीस वर्षं मोजत आलेल्या माणसाला देवाने मोजता येईल असं उत्तर दिलं."

ते उत्तर मी कापलं होतं. कॉर्कातून, रापीने, दुपारचा चहा पीत. मी ज्याच्या नावाने बोटं मोडत होतो, त्याचं दुकान तीन वर्षं मीच चालू ठेवलं होतं.

"तिला सांगू नका," मी म्हणालो.

"बुटाचं मी सांगणार नाही. ते तुमचं आहे." ते उठले. "माझं जेवढं आहे तेवढं मला सांगावं लागेल. तुमच्या ताई बूट घालून चालतील. सगळेच घालून चालतील, म्हणजे कुणाला वेगळं वाटणार नाही."

दारापर्यंत ते सोडायला आले. कॉर्क त्यांनी परत दिला नाही आणि मीही मागितला नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मी तिसऱ्या रांगेत, शेजारी बायको. सुरुवातीलाच जाहीर झालं की यंदा कुणीही पादत्राणं काढायची नाहीत. थोडी कुजबुज झाली. स्टेजच्या कडेला ताई उभी होती. तिने सोडलेला श्वास मला तिसऱ्या रांगेतून दिसला.

ती चालली. बारा पावलं, सरळ, मान वर. खांदा तसूभर हलला नाही. बायकोने माझा हात घट्ट धरला. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. माझा बूट चालत होता आणि माझी बहीण चालत होती, आणि दोन्ही सुंदर दिसत होतं.

गुरुजींनी तिच्यावर हात ठेवला नाही. त्यांनी हात मागे बांधले, तिला वाकून नमस्कार केला आणि माईक घेतला.

"यांना मी बरं केलेलं नाही," ते म्हणाले. "मला कुणालाच बरं करता येत नाही. डॉक्टरांकडे जा. औषधं घ्या."

टाळ्या पडल्या. माझ्या पुढचा गृहस्थ डोळे पुसत म्हणाला, "बघा, किती नम्रता." गुरुजींनी हात वर करून टाळ्या थांबवल्या आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, शब्द सुटे करून, मोठ्याने. टाळ्या दुप्पट झाल्या. लोक उभे राहिले. ताईही टाळ्या वाजवत होती, तिचे गाल ओले होते. गुरुजी गर्दीवरून माझ्याकडे बघत राहिले. मग ते खुर्चीवर बसले आणि पुढचा सगळा वेळ त्यांनी मान वर केली नाही.

कार्यक्रमानंतर ताई बाहेरच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसली होती. तिच्यासमोर एक बाई नऊ-दहा वर्षांच्या मुलीला घेऊन उभी होती. मी दोघींना ओळखलं. बाई शाळेत शिक्षिका. मुलीचं पाऊल आत वळतं, मी दर सहा महिन्यांनी तिच्या पायासाठी लोखंडी पट्ट्या लावलेला आधाराचा बूट करतो. वर्षभर दोघी फिरकल्या नव्हत्या. मला वाटलं होतं, बदली झाली असेल. मुलीच्या पायात साधे कापडी बूट होते आणि पाऊल पूर्वीपेक्षा जास्त वळलं होतं.

"तुमच्याच घरात एवढं उदाहरण असताना," बाई मला बघून जरा ओशाळून हसल्या, "म्हटलं, हिला तरी किती दिवस ते लोखंड घालायचं. बघू की."

ताईने मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. "होईल हं तुझाही पाय सरळ," ती म्हणाली.

आता मात्र मला राहवलं नाही. मी ताईसमोर खाली बसलो.

"ताई, बूट काढ."

"इथे? चावतोय असं वाटतंय का तुला?" ती हसली आणि तिने पाय पुढे केला. आयुष्यभर तिने माझ्यापुढे असाच पाय केलेला आहे, न विचारता. मी डावा बूट काढला, अस्तर उचकटलं आणि कॉर्क तिच्या हातावर ठेवला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग रिकाम्या बुटात हात घालून आतून चाचपलं. तिला समजावून सांगावं लागलं नाही. बूटवाल्याची मुलगी ती.

"कधीपासून?"

"पहिल्या जोडापासून."

"घरातल्या सपाता?"

"त्याही."

"गुरुजींना माहीत आहे?"

"आठ दिवसांपूर्वी मी सांगितलं. तोपर्यंत त्यांनाही खरंच वाटत होतं."

"म्हणजे त्यांना आधी सांगितलंस." तिने दुसरा बूटही काढला आणि दोन्ही खुर्चीखाली सरकवले. उभी राहिली. शिक्षिका बाईंपर्यंत चार पावलं होती, ती ताईने अनवाणी, झुकत, जराही न लपवता टाकली. मुलीसमोर गुडघ्यावर बसली. "मी तुला चुकीचं सांगितलं, बाळ. माझा पाय होता तसाच आहे. बघितलंस ना आत्ता?" मुलीने मान हलवली. ताई बाईंना म्हणाली, "उद्या दहा वाजता हिला दुकानात आणा. मी असेन तिथे."

आम्ही तिघं घरी निघालो. बायको मधे चालत होती, एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत. दाराशी आल्यावर ताई थांबली.

"गुरुजींवर मी शंका घेतली होती," ती म्हणाली. "बऱ्याचदा. देवावरही घेतली. सकाळी ती सहा पावलं चालताना तर रोज. पण तुझ्या बुटात एकदा हात घालून बघावं, असं मात्र माझ्या कधी मनातही आलं नाही."

ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी शिक्षिका बाई मुलीला घेऊन आल्या. ताई दुकानात माझ्याआधी पोचली होती, वडिलांनी केलेला एक जुना, उंच तळव्याचा बूट घालून. टकटक ऐकून मुलगी हसली, ताईही हसली. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

गुरुजींनी हात ठेवणं सोडलं. त्यांची शक्ती गेली असं काही म्हणतात, ते आता फारच मोठे झाले असं काही म्हणतात, आणि वर्तमानपत्रवाल्यांना त्यांच्यात रस उरलेला नाही. लोक अजूनही जातात, नुसते बसून येतात. ताईही जाते. मी एकदा धीर करून विचारलं, आता तिथे काय आहे. "त्यांना कळल्यावर त्यांनी आठ दिवसांत सांगितलं," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर."

तिला नवीन बूट हवा होता. बाहेरून दिसेल असा, उंच तळव्याचा. मी पट्ट्या काढल्या, ती उभी राहिली, मी एकेक पट्टी सरकवत गेलो.

"आरसा आण," ती म्हणाली.

मी भिंतीवरचा आरसा काढून तिच्यासमोर धरला. तिने त्यात कंबर सरळ आहे का ते बघितलं. मग खाली उतरली, पट्ट्या गोळा केल्या आणि माझ्या खिशातली फूटपट्टी काढून घेतली. चष्मा लावला, उजेडात धरून मोजलं.

"अठरा," ती म्हणाली.

"अठराच आहे, ताई."

"थांब," ती म्हणाली, आणि तिने पुन्हा मोजलं.